कुराणाचा अभ्यास कोठून आणि कसा सुरू करावा?

इतिहासाच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. अरबी येत नसताना कुराणाचा गंभीर अभ्यास करता येतो का आणि सुरुवात कोठून करावी, हा पहिला. एकाच आयतीचे, म्हणजे कुराणातल्या एकाच वचनाचे, परस्परविरुद्ध अर्थ छातीठोकपणे सांगितले जातात तेव्हा कोणाचे मानावे, हा दुसरा. आज छापून मिळणारा ग्रंथ सातव्या शतकातलाच आहे हे कशावरून म्हणायचे, हा तिसरा. अरबी आणि मध्ययुगीन इस्लामी इतिहास शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत आणि हेच तीन प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यापुढे अनेकदा आले आहेत. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

कुराणाला दोन इतिहास आहेत आणि ते वेगवेगळे ठेवून वाचावे लागतात. एक संहितेचा इतिहास. आयती कधी उच्चारल्या गेल्या, कोणी लिहून घेतल्या, त्यांचा क्रम कसा ठरला आणि त्या आपल्यापर्यंत कशा पोहोचल्या, हे त्यात येते. दुसरा अर्थाचा इतिहास. तो जवळजवळ चौदा शतकांचा आहे आणि बसऱ्यापासून कॉर्डोव्यापर्यंत व समरकंदपासून दिल्लीपर्यंत शेकडो भाष्यकारांनी तो घडवला आहे. लोक वाद घालतात तेव्हा बहुधा एका इतिहासातला दाखला दुसऱ्यासाठी वापरतात. बाराव्या शतकातल्या एखाद्या भाष्यकाराचे मत ‘कुराण असे म्हणते’ म्हणून पुढे केले जाते, किंवा आयतीचे एखादे सुटे वाक्य ‘इस्लामचे मत’ म्हणून दिले जाते. म्हणून अर्थ सांगणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी विचाराव्यात: ही आयत कोणत्या प्रसंगी आणि कोणाला उद्देशून आली असे मानले जाते, आणि तुम्ही सांगता तो अर्थ प्रथम कोणी, कधी लावला? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलात की तुमचा अभ्यास सुरू झाला असे समजा.

ग्रंथाच्या रचनेपासून सुरुवात करू. कुराणात ११४ सूरा, म्हणजे प्रकरणे, आहेत. इराकमधल्या कूफा शहराच्या परंपरेच्या गणनेनुसार आयती ६२३६ होतात. आपल्याकडे घरोघरी ६६६६ हा आकडा ऐकू येतो, पण तो लोकरूढीतला आहे. इतर शहरांच्या परंपरांत गणना थोडी वेगळी येते, कारण वाक्य कोठे संपले मानायचे यावर मतभेद होते. मजकूर तोच राहतो. पहिली छोटी ‘फातिहा’ सोडली तर सूरा साधारणपणे लांबीच्या उतरत्या क्रमाने लावल्या आहेत. परंपरेनुसार प्रेषित मुहंमद यांना पहिला साक्षात्कार इसवी सन ६१० च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा गुहेत झाला, आणि ६३२ मध्ये मदिनेत त्यांचे निधन होईपर्यंत आयती येत राहिल्या. त्यांतल्या पहिल्या मानल्या जाणाऱ्या पाच आयती आज ९६ व्या सूरेच्या आरंभी आहेत. दुसरी सूरा ‘बकरा’ २८६ आयतींची आणि सर्वांत लांब आहे. ती मदिनेतली, म्हणजे ६२२ मध्ये प्रेषित मक्का सोडून मदिनेला गेले त्या हिजरतीनंतरची. पहिल्या पानापासून कादंबरीसारखे वाचायला बसणारा वाचक म्हणूनच थेट एका स्थिरावलेल्या समाजाच्या कायदेकानूंत जाऊन पडतो. ज्या छोट्या, लयबद्ध, अंगावर काटा आणणाऱ्या मक्की, म्हणजे हिजरतीपूर्वीच्या, सूरांनी या सगळ्याची सुरुवात झाली, त्या त्याला शेवटी भेटतात, आणि तोपर्यंत बहुतेकांनी पुस्तक मिटलेले असते.

क्रमाचा अर्थावर केवढा परिणाम होतो हे मद्याविषयीच्या आयतींवरून नीट दिसते. सोळाव्या सूरेतली ६७ वी आयत मक्की काळातली आहे. खजूर आणि द्राक्षे यांपासून लोक मादक पेयही करतात आणि उत्तम अन्नही, एवढाच उल्लेख तिथे आहे; निषेध नाही. मदिनेतल्या दुसऱ्या सूरेतली २१९ वी आयत म्हणते की मद्यात आणि जुगारात मोठे पाप आहे व काही लाभही आहेत, मात्र पाप लाभापेक्षा मोठे आहे. चौथ्या सूरेच्या ४३ व्या आयतीत नशेच्या अवस्थेत नमाजाला उभे राहू नका, असा आदेश येतो. पाचव्या सूरेच्या ९० व्या आणि ९१ व्या आयतींत मद्य हे सैतानी कृत्य ठरवून ते पूर्ण वर्ज्य केले जाते. ग्रंथात या आयती २, ४, ५, १६ अशा क्रमाने भेटतात. परंपरेने मानलेला कालक्रम मात्र १६, २, ४, ५ असा आहे. पानांच्या क्रमाने वाचणाऱ्याला विसंगती दिसते. कालक्रमाने वाचणाऱ्याला एका समाजाची सवय टप्प्याटप्प्याने मोडत नेल्याचे दिसते, आणि मुस्लिम विधिशास्त्रानेही ते तसेच वाचले आहे.

एक व्यावहारिक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. भारतात छापलेल्या कुराणांच्या समासात ‘ऐन’ हे अरबी अक्षर जागोजागी दिसते. ती ‘रुकू’ची खूण आहे. साधारणपणे एक विषय जिथे पुरा होतो तिथे ती येते. खुणेच्या वरचा आकडा त्या सूरेतला कितवा रुकू हे सांगतो, मधला आकडा त्या रुकूत किती आयती आहेत ते, आणि खालचा त्या पाऱ्यातला, म्हणजे कुराणाच्या तीस भागांपैकी त्या भागातला, कितवा रुकू ते. तीस पाऱ्यांची विभागणी महिन्याभरात पठण पूर्ण करण्याच्या सोयीची आहे आणि अर्थाच्या दृष्टीने ती कोठेही तुटते. रुकू मात्र अर्थाच्या जवळ जातो. कोणतीही आयत समोर आली की निदान तिचा संपूर्ण रुकू वाचल्याशिवाय मत बनवू नये, हा नियम मी माझ्या वर्गात कधीच शिथिल केला नाही.

मक्की आणि मदनी (मदिनेतल्या) ही विभागणी मुस्लिम विद्वानांनी फार पूर्वी केली. थिओडोर नोल्डेके या जर्मन पंडिताने १८६० मध्ये शैली आणि विषय यांच्या आधारे मक्की काळाचे आणखी तीन टप्पे पाडले आणि मदनी काळ हा चौथा धरला. ही मांडणी आजही कामाला येते, पण ती अंदाजपट्टी म्हणूनच वापरावी. अनेक सूरांत वेगवेगळ्या काळांतले भाग एकत्र आले आहेत हे परंपराही मानते. शिवाय ‘शैली अशी म्हणून काळ असा, आणि काळ असा म्हणून शैली अशी’ या चक्रात सापडण्याचा धोका येथे नेहमीच असतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. एकच आयत जवळून पाहू, कारण तसे पाहिल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. दुसऱ्या सूरेची २५६ वी आयत ‘धर्मात बळजबरी नाही’ या वाक्याने सुरू होते. भाषणांत आणि लेखांत हे वाक्य सतत येते. कोणी ते इस्लामी सहिष्णुतेचा जाहीरनामा म्हणून उद्धृत करतो, तर कोणी ‘ती आयत पुढे रद्द झाली’ असे सांगून बाजूला सारतो. दोघांनाही परंपरेत आधार सापडतो, म्हणून परंपरेत नेमके काय आहे ते पाहावे लागते.

तबरी हा भाष्यकार ८३९ मध्ये कास्पियन समुद्राच्या दक्षिणेकडील तबरिस्तानात जन्मला आणि ९२३ मध्ये बगदादेत वारला. एखाद्या आयतीविषयी त्याच्या काळापर्यंत जी जी मते आणि कथने पोहोचली होती, ती सांगणाऱ्यांच्या साखळीसह नोंदवायची आणि शेवटी स्वतःचा निवाडा द्यायचा, ही त्याची पद्धत. या आयतीखाली तो एक कथन अनेक साखळ्यांनी देतो. इस्लामपूर्व मदिनेत एखाद्या स्त्रीची मुले जगत नसत, तेव्हा ती नवस बोले की मूल जगले तर त्याला ज्यू करीन. पुढे सुमारे ६२५ मध्ये बनू नजीर या ज्यू टोळीला मदिनेतून बाहेर काढण्यात आले, तेव्हा त्यांच्यात अन्सार, म्हणजे प्रेषितांना साथ देणाऱ्या मदिनावासी, कुटुंबांची अशी वाढलेली मुले होती. आम्ही आमची मुले जाऊ देणार नाही, असे आईबाप म्हणू लागले आणि त्या प्रसंगी ही आयत आली. दुसऱ्या कथनात एका अन्सारी बापाचे दोन मुलगे ख्रिस्ती झालेले आहेत आणि त्यांना जबरदस्तीने परत आणावे का, असे तो प्रेषितांना विचारतो. पोटच्या मुलांसाठी तुटणाऱ्या आईबापांनाही बळजबरीची मुभा मिळत नाही, हा दोन्ही कथनांतला गाभा आहे. एरवी घोषवाक्यासारखी ऐकू येणारी आयत या घरगुती दुःखाच्या पार्श्वभूमीवर वाचली की तिचे वजन किती वाढते ते पाहा.

पण तबरी इथे थांबत नाही. ही आयत पुढच्या युद्धविषयक आयतींनी रद्द झाली असे मानणाऱ्यांचे मतही तो नोंदवतो. मग स्वतःचा निवाडा देतो: आयत रद्द झालेली नाही, ती ग्रंथधारी लोक, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती, तसेच अग्निपूजक आणि जिझिया देऊन राहणारे इतर लोक यांना लागू आहे, अरबस्तानातल्या मूर्तिपूजकांची गोष्ट वेगळी. म्हणजे आधुनिक अर्थाने सरसकट धर्मस्वातंत्र्य तबरीच्या वाचनात नाही, आणि आयत बाद ठरवणेही नाही. आजचे अनेक मुस्लिम विद्वान आयतीचा शब्दार्थ सर्वांना लागू आहे असे मानून तिचा व्याप पुन्हा वाढवतात, आणि त्यांचाही आधार शास्त्रीयच आहे: प्रसंग विशिष्ट असला तरी शब्द सर्वसाधारण असतील तर आदेश सर्वसाधारण धरावा, हा विधिशास्त्रातला जुना नियम आहे. तुम्ही विचारता की कोणाचे मानावे. इतिहासाच्या विद्यार्थिनीने प्रथम हे तिन्ही अर्थ त्यांच्या त्यांच्या काळात नेऊन ठेवावेत, त्यामागची गरज आणि तर्क ओळखावा. मग निवड करायचीच असेल तर निदान आपण काय निवडतो आहोत हे माहीत असेल.

प्रसंगकथांबद्दल एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘असबाब अल-नुझूल’, म्हणजे आयती कोणत्या कारणाने अवतरल्या याची कथने, हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे. १०७६ मध्ये वारलेल्या वाहिदीचा त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. परंतु एकाच आयतीला दोन-तीन वेगवेगळे प्रसंग जोडलेले आढळतात. दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी (१७०३–१७६२) ‘अल-फौझ अल-कबीर’ या आपल्या छोट्या फारसी ग्रंथात या गोंधळाची मोठी चिकित्सक उकल केली आहे. त्यांच्या मते, ‘ही आयत अमुक बाबतीत उतरली’ असे प्रेषितांचे सहकारी म्हणतात तेव्हा पुष्कळदा आयत त्या घटनेला लागू पडते, एवढेच त्यांना सांगायचे असते. तीच घटना आयतीचे कारण होती असा दावा त्यात नसतो. ज्या थोड्या ठिकाणी प्रसंग समजल्याशिवाय अर्थच लागत नाही, तेवढ्याच कथा अभ्यासकाने आवश्यक धराव्यात, असे ते म्हणतात. अठराव्या शतकातल्या दिल्लीतले हे विवेचन आजच्या कोणत्याही विद्यापीठातल्या चर्चेला तोडीस तोड आहे, आणि आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत त्याचे नावही नसते याची मला खरोखर खंत वाटते.

‘रद्द होणे’ या कल्पनेचेही तसेच आहे. तिला ‘नस्ख’ म्हणतात. नवव्या सूरेच्या पाचव्या आयतीत निषिद्ध महिने संपल्यावर मूर्तिपूजकांशी लढण्याचा आदेश आहे. काही जुन्या लेखकांनी या एका आयतीने शंभराहून अधिक सौम्य आयती रद्द झाल्या असे धरले, आणि कट्टर समर्थक व कट्टर विरोधक दोघेही आज त्याच यादीवर विसंबतात. रुकूचा नियम येथे लावून पाहा. अगदी आधीची, चौथी आयत करार पाळणाऱ्या मूर्तिपूजकांना वगळते आणि मुदत संपेपर्यंत करार पाळा असे सांगते. लगेच पुढची, सहावी आयत सांगते की त्यांच्यापैकी कोणी आश्रय मागितला तर त्याला आश्रय द्या आणि मग त्याच्या सुरक्षित जागी पोहोचवा. सगळा भाग करारभंगाच्या संदर्भात चालला आहे. रद्द आयतींची संख्याही काळाच्या ओघात घटत गेली. १५०५ मध्ये वारलेल्या सुयूतीने छाननी करून ती विसाच्या आसपास आणली. शाह वलीउल्लाह यांनी त्यांतल्याही बहुतेकांचा मेळ घालून दाखवला आणि फक्त पाच ठेवल्या. तेव्हा ‘अमुक आयत रद्द आहे’ असे कोणी सांगितले तर कोणाच्या यादीप्रमाणे, असे अवश्य विचारावे.

तिसरा प्रश्न संहितेचा. परंपरेतले कथन बुखारीच्या हदीस-संग्रहात, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या कथनांच्या संग्रहात, आहे. प्रेषितांच्या निधनानंतर यमामाच्या लढाईत कुराण मुखोद्गत असलेले अनेक जण मारले गेले, तेव्हा पहिले खलिफा अबू बक्र यांनी झैद इब्न साबित यांच्याकडून लिखित तुकडे आणि मुखपाठ यांच्या आधारे संकलन करवले. ती पाने पुढे प्रेषितांच्या पत्नी हफ्सा यांच्याकडे राहिली. तिसरे खलिफा उस्मान (६४४–६५६) यांच्या काळात आर्मेनिया आणि अझरबैजानच्या मोहिमेवरून परतलेल्या हुजैफा यांनी तक्रार केली की सीरिया आणि इराकचे सैनिक पठणावरून आपसांत भांडत आहेत. उस्मान यांनी हफ्सांकडची पाने मागवली, झैद आणि प्रेषितांच्या कुरैश टोळीतले तिघे यांच्याकडून प्रती करवल्या, त्या प्रमुख शहरांना पाठवल्या आणि इतर लिखाण जाळण्याचा हुकूम दिला. हे साधारण ६५० च्या सुमारास घडले. कूफ्यात इब्न मसऊद यांच्यासारख्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची स्वतःची संकलने होती आणि त्यांना हा हुकूम रुचला नाही, हेही मुस्लिम परंपरेनेच नोंदवून ठेवले आहे. आपल्याला गैरसोयीचे तपशील जपणारी परंपरा इतिहासकाराला नेहमीच अधिक विश्वासार्ह वाटते.

१९७७ मध्ये जॉन वॉन्सब्रो या ब्रिटिश विद्यापीठातल्या अभ्यासकाने हे सगळे कथन मागाहून रचलेले असून कुराणाला अंतिम रूप इसवी सन ८०० च्या आसपास मिळाले, असा सिद्धान्त मांडला. त्याने प्रश्न धारदार केले, पण भौतिक पुरावा त्याच्या विरुद्ध गेला आहे. जेरुसलेमच्या ‘डोम ऑफ द रॉक’ या वास्तूत आतल्या बाजूने फिरणारा हिजरी ७२, म्हणजे ६९१–९२ चा लेख आहे. त्यात येशूविषयीच्या आणि देवाच्या एकत्वाच्या आयती जवळजवळ आजच्याच शब्दांत आहेत. काही ठिकाणी फक्त प्रथमपुरुषाचा तृतीयपुरुष केला आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या मिंगाना संग्रहात १८ ते २० या सूरांचे अंश असलेली दोन चर्मपत्रे आहेत. त्यांच्या कार्बन-चाचणीचा निष्कर्ष २०१५ मध्ये जाहीर झाला: ९५.४ टक्के संभाव्यतेने ५६८ ते ६४५. ही तारीख चामडे ज्या जनावराचे ते केव्हा मेले याची आहे. शाई केव्हा उमटली ते तिच्यावरून थेट कळत नाही. वर्तमानपत्रांनी तेव्हा हा फरक सोडून दिला होता. तरीही हिजाझी या सुरुवातीच्या अरबी लिपीचे वळण आणि चामड्याचे वय एकत्र धरले तर ही पाने फार जुनी आहेत याबद्दल शंका उरत नाही. याच हस्तलिखिताची सोळा पाने पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

सर्वांत बोलके साधन येमेनमधले आहे. १९७२ मध्ये सना शहराच्या मोठ्या मशिदीची दुरुस्ती चालू असताना जुन्या चर्मपत्रांचा ढीग सापडला. त्यांतल्या एका हस्तलिखिताची पाने एकदा लिहून, पुसून, पुन्हा लिहिलेली आहेत. वरचा मजकूर उस्मानी परंपरेचा आहे. खालचा पुसलेला मजकूर अतिनील प्रकाशात वाचता येतो. त्यात काही शब्द वेगळे आहेत, कोठे छोटे शब्दसमूह कमीजास्त आहेत, आणि सूरांचा क्रमही वेगळा आहे. सहकाऱ्यांच्या संकलनांबद्दल ग्रंथांत जे पाठभेद नोंदले आहेत, त्याच जातीचे हे भेद आहेत. विषय, कथा, आदेश मात्र ओळखीचेच आहेत. ‘एक टिंबही कधी बदलले नाही’ असा भाबडा दावा या पानांपुढे टिकत नाही, आणि ‘दोनशे वर्षांनी रचलेला ग्रंथ’ हा दावाही टिकत नाही.

टिंबांचाच विषय निघाला तर, सुरुवातीच्या अरबी लेखनात व्यंजने ओळखण्याची टिंबे क्वचित असत आणि ऱ्हस्व स्वरांची चिन्हे नव्हतीच. लिखाण हे मुखपाठाला आधार देण्यापुरते असे. म्हणून एकाच अक्षरसांगाड्याचे गुरुपरंपरेने चालत आलेले निरनिराळे पाठ निर्माण झाले. ९३६ मध्ये वारलेल्या बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी त्यांतले सात पाठ प्रमाण म्हणून निश्चित केले. हे भेद बहुतेक उच्चाराचे आहेत, पण काहींना व्यवहारातही अर्थ आहे. पाचव्या सूरेच्या सहाव्या आयतीत नमाजापूर्वीच्या शुद्धीचा विधी आहे. तिथे पायांसाठी जो शब्द आहे त्यातला एक स्वर ‘अ’ वाचला तर पाय धुवायच्या अवयवांत मोडतात, ‘इ’ वाचला तर ओला हात फिरवायच्या अवयवांत. दोन्ही पाठ सातांपैकी मान्य पाठांत आहेत. सुन्नी पाय धुतात, शिया ओला हात फिरवतात. हा एक स्वरच त्या मतभेदाचे सगळे कारण नाही, परंतु मशिदीच्या हौदावर रोज दिसणाऱ्या फरकाचा धागा संहितेच्या इतिहासापर्यंत कसा जातो ते यातून कळते. आज जगभर पसरलेला पाठ हफ्स यांनी आसिम या आपल्या पठणगुरूकडून घेतलेला आहे. १९२४ च्या कैरो आवृत्तीमुळे त्याचा प्रसार फार वाढला. मोरोक्कोच्या बाजूला अजूनही वर्श यांचा पाठ चालतो.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे तीच प्रमाण ठरली, हे आपण आदराने सांगतो. प्रमाण प्रत ठरवताना इतर पाठ मागे पडतात, हे त्या कामात गृहीतच असते. फरक एवढा की कुराणाच्या बाबतीत ही प्रक्रिया मूळ उच्चारणानंतर अवघ्या दोन दशकांत घडली आणि तिच्यामागे राजसत्ता होती. बर्लिन-ब्रांडेनबुर्ग अकादमीच्या ‘कॉर्पस कोरानिकुम’ या २००७ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात हस्तलिखिते आणि पाठभेद शेजारी शेजारी मांडले आहेत आणि ते इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. वर सांगितलेल्या कितीतरी गोष्टी तिथे स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतील.

भाष्यांबद्दल थोडक्यात. तबरी हा पाया. व्याकरण आणि अलंकार यांसाठी ११४४ मध्ये वारलेला झमख्शरी; तो मुअतझिली, म्हणजे बुद्धिवादी पंथाचा होता, तरीही त्याच्या पंथाशी भांडणारे सुन्नी विद्वान त्याचा ग्रंथ बाजूला ठेवू शकले नाहीत. तात्त्विक चर्चेसाठी फख्रुद्दीन राझी, कायद्याच्या अंगाने कॉर्डोव्याचा कुर्तुबी. दमास्कसचा इब्न कसीर (मृत्यू १३७३) आज सर्वांत जास्त वाचला जातो, कारण त्याची संक्षिप्त भाषांतरे सहज मिळतात. पण तो चौदाव्या शतकातला आहे आणि त्याची स्वतःची एक बाजू आहे, हे विसरून त्याला ‘पारंपरिक अर्थ’ म्हणून घेऊ नये. किमान दोन भाष्ये, शक्यतो वेगवेगळ्या शतकांतली, शेजारी ठेवून वाचावीत.

भाषांतरांचेही तेच. मराठी भाषांतर वापरत असाल तर ते थेट अरबीवरून झाले आहे की उर्दूवरून, आणि कोणत्या संस्थेने काढले आहे, हे प्रस्तावनेत पाहून घ्यावे. इंग्रजीतली दोन गाजलेली भाषांतरे मुंबईशी जोडलेली आहेत. अब्दुल्लाह यूसुफ अली १८७२ मध्ये मुंबईत जन्मले. मार्माड्यूक पिकथॉल ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते आणि पुढे निजामाच्या हैदराबादेत राहून त्यांनी १९३० मध्ये भाषांतर प्रसिद्ध केले. यूसुफ अलींच्या तळटिपांत त्यांचा अध्यात्माकडचा ओढा दिसतो, पिकथॉल मूळ शब्दांना चिकटून जातात. विनोबांनी अरबी शिकून कुराणाचे पठण केले आणि ‘कुराण-सार’ संपादित केले, हे मराठी माणसाने आवर्जून लक्षात ठेवावे असे काम आहे. मात्र ते निवडक आयतींचे विषयवार संकलन आहे. साधकाला ते फार उपयोगी पडेल, पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातली प्रत्येक आयत मूळ जागी नेऊन वाचावी लागेल.

अरबीशिवाय सुरुवात करता येते, पण पुढे ती शिकावीच लागते. कुराणात सुमारे ७७ हजार शब्द आहेत, पण ते दोन हजारांहून कमी धातूंपासून घडले आहेत, त्यामुळे नेटाने दोन वर्षे अभ्यास केल्यास कोशाच्या मदतीने आयत उलगडता येते. उर्दू येत असेल तर निम्मे शब्द ओळखीचे वाटतील. मात्र त्यांचे उर्दूतले अर्थ सातव्या शतकावर लादले जाणार नाहीत, याकडे लक्ष ठेवावे.

पहिल्या काही महिन्यांसाठी मी असे सुचवीन. बारावी सूरा, ‘यूसुफ’, घ्या. १११ आयतींची ही मक्की सूरा जवळजवळ अखंड एकच कथा सांगते, त्यामुळे संदर्भ तुटत नाही. दोन भाषांतरांतून ती वाचा. मग बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातली योसेफाची कथा, म्हणजे ३७ वा अध्याय आणि ३९ ते ५० हे अध्याय वाचा. कुराण कोणते तपशील गाळते, कोणते नवीन आणते, आणि कथेच्या मधेच यूसुफ तुरुंगातल्या सोबत्यांना एकेश्वरवादाचा उपदेश का करतात, याची टिपणे काढा. परंपरेनुसार ही सूरा मक्केतल्या अखेरच्या, कठीण वर्षांतली आहे. स्वतःच्याच भाऊबंदांनी टाकलेल्या माणसाची ही कथा तेव्हा ऐकणाऱ्यांना कशी पोहोचली असेल, याचा विचार करा. त्यानंतर इब्न कसीर आणि शक्य असेल तर तबरी यांनी या सूरेवर काय लिहिले ते पाहा. तबरी ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतून आलेल्या पुष्कळ कथा देतो, इब्न कसीर त्यांतल्या अनेकांवर अविश्वास दाखवतो, आणि चार शतकांत भाष्यकारांची कसोटी कशी बदलली ते येथे एकाच कथेत सापडते. हे झाले की दुसऱ्या सूरेचा ३४ वा रुकू उघडा. समासातल्या ‘ऐन’च्या मध्ये ४ हा आकडा असेल, कारण २५४ ते २५७ अशा चारच आयती त्यात आहेत. ‘धर्मात बळजबरी नाही’ ही आयत त्यात ‘आयतुल कुर्सी’च्या लगेच नंतर येते. देवाच्या अमर्याद सत्तेचे वर्णन झाल्या झाल्या बळजबरीचा निषेध का यावा, यावर आधी स्वतः एक पान लिहा आणि मगच भाष्ये उघडा.